बहात्तरलाही दुष्काळ पडला होता! – हवामान बदल मुलांना शिकवताना



आजचा लेख जागतिक तापमानवाढ या विषयावर आहे. विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. परिसर अभ्यासात आहे, निबंधात आहे, ५ जूनच्या भाषणात आहे, शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या घोषणांतही आहे. मीसुद्धा गेली काही वर्षं तो शिकवत होते. पण नीट शिकवत नव्हते, हे मला गेल्या वर्षी कळलं. ते कळलं दोन प्रश्नांमुळे. एक प्रश्न चौथीतल्या एका मुलाने विचारला आणि दुसरा त्याच्या आजोबांनी.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. सीना, मांजरा, गोदावरी, सगळ्या नद्या पात्र सोडून वाहिल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या, दावणीची जनावरं वाहून गेली. आमची शाळा याच भागातल्या एका छोट्या गावात आहे. पाणी ओसरल्यावर शाळा पुन्हा सुरळीत सुरू झाली आणि मी चौथीच्या मुलांना 'पाऊस' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. आता वाटतं, तेव्हा हा विषय द्यायला नको होता. पण दिला.

बहुतेक मुलांनी नेहमीचाच निबंध लिहिला. एका मुलीचा निबंध मी मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, "माणसाने निसर्गावर अत्याचार केले म्हणून निसर्ग कोपला आणि त्याने माणसाला शिक्षा दिली." मी शाब्बास म्हणाले, टाळ्या वाजवायला लावल्या. हे वाक्य तिने कुठून आणलं असेल? बहुतेक माझ्याच तोंडून.

टाळ्या थांबल्यावर मागच्या ओळीतला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वहीत फक्त तीन ओळी होत्या. पाऊस आला, आमचं सोयाबीन गेलं, मला पाऊस आवडत नाही. तो मला म्हणाला, "मॅडम, मग आमच्या पप्पांनी काय केलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी "बस खाली, उद्या सांगते" म्हणाले.

संध्याकाळी त्याचे आजोबा त्याला घ्यायला आले. झालेला प्रकार मी त्यांना सांगितला आणि ग्लोबल वॉर्मिंगबद्दल चार वाक्यं बोलले. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाई, बहात्तरलाबी दुष्काळ पडला व्हता की. तवा कुठं व्हतं तुमचं हे ग्लोबल वॉर्मिंग?"

याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता हा पाठ तयार झाला. तुमच्या वर्गात उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहे.

आधी माझी चूक

मी कित्येक वर्षं मुलांना सांगत आले की ओझोनच्या थराला भोक पडलं आणि त्यातून ऊन आत आलं म्हणून पृथ्वी तापली. शिक्षक मित्रांनो, हे चूक आहे. आणि ही चूक करणारी मी एकटी नाही, कितीतरी निबंधांत ती सापडते.

ओझोनचा थर सूर्याकडून येणारे अतिनील किरण अडवतो. जुन्या फ्रीज, एसी आणि स्प्रेमधल्या सीएफसी वायूंमुळे तो विरळ झाला होता. १९८७ साली माँट्रियल करार झाला, जगाने हे वायू वापरणं हळूहळू बंद केलं आणि आता तो थर सावरतो आहे. तापमानवाढीचं कारण मुख्यतः वेगळं आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळल्यामुळे हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड. (सीएफसी वायूही उष्णता धरून ठेवतात, एवढाच काय तो दोघांचा संबंध.)

ओझोनची गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगा, कारण ती जमलेल्या कामाची गोष्ट आहे. माणसांनी बिघडवलं, शास्त्रज्ञांनी सांगितलं, देशांनी ऐकलं आणि सुधारणा सुरू झाली. मुलांना नुसती भीती घालण्यापेक्षा हे ऐकवणं कधीही चांगलं.

गोधडी आणि नीळ

आता मूळ मुद्दा. कार्बन डायऑक्साइड उष्णता कशी धरतो?

मुलांना मी गोधडीचं उदाहरण देते. गोधडी स्वतः गरम नसते. आपल्या अंगातली ऊब ती लवकर बाहेर जाऊ देत नाही. सूर्याच्या उन्हाने जमीन आणि समुद्र तापतात आणि ती उष्णता परत अवकाशाकडे जाऊ लागते. हवेतले काही वायू, म्हणजे पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, ती वाटेत अडवतात. ही गोधडी मुळात वाईट नाही. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असतं. तिच्यामुळे ते १५ अंशांच्या आसपास राहिलं आणि आपण जगलो. अडचण ही आहे की आपण त्या गोधडीवर अजून एक अस्तर शिवत चाललो आहोत.

कारखानदारी वाढण्याआधी हवेच्या दहा लाख कणांमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० कण होते. आता ४२० पेक्षा जास्त आहेत. मुलांसाठी सोपं करून सांगायचं तर दहा हजारांत पूर्वी जेमतेम ३ होते, आता ४ आहेत.

इथे हुशार मूल हमखास विचारतं, "मॅडम, दहा हजारात एकच तर वाढला!" तेव्हा बादलीभर पाणी घ्या आणि त्यात कपड्यांना घालायची नीळ दोन-चार थेंब टाका. सगळी बादली निळी होते. पाणी कितीही जास्त असलं तरी ते उजेड अडवत नाही, नीळ अडवते. हवेतही तसंच आहे. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून हवेचा ९९ टक्के भाग होतात, पण जमिनीवरून निघणारी उष्णता ते जवळजवळ अडवत नाहीत. ते काम करणारे वायू थोडेच आहेत, म्हणून त्यांच्यातली थोडी वाढही लागू पडते.

हे काल-परवा कुणीतरी उठवलेलं खूळ नाही, हेही मोठ्या मुलांना आणि पालकांना सांगायला हवं. कोणते वायू उष्णता शोषतात हे जॉन टिंडॉल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली होती. कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब स्वीडनच्या स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडला. हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी चालू आहे आणि तो आलेख चढतच गेला आहे.

दीड अंशाने काय होतं?

२०२४ हे असं पहिलं वर्ष ठरलं, ज्यात जगाचं सरासरी तापमान कारखानदारीपूर्व काळापेक्षा दीड अंशाहून जास्त वर गेलं. २०१५ च्या पॅरिस करारात ज्या दीड अंशाच्या आत राहायचा प्रयत्न करायचं ठरलं होतं, तोच हा आकडा. (करारातली मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजतात, एका वर्षावर नाही. त्यामुळे "मर्यादा मोडली, आता सगळं संपलं" असं मुलांना सांगू नका.)

पण मुलं म्हणतात, "सकाळी २० अंश असतं आणि दुपारी ३८. मग दीड अंशाने काय होतं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्यांना त्यांच्याच तापाची आठवण करून द्या. अंगाचं तापमान दीड-दोन अंश सेल्सिअसने वाढलं की आई शाळेला सुट्टी देते, डॉक्टरांकडे नेते. हात उन्हात धरला तर कातडी कितीतरी जास्त तापते, त्याने कुणी आजारी पडत नाही. वरची कातडी तापणं वेगळं आणि सगळ्या अंगात ताप भरणं वेगळं. दुसरं उदाहरण हिमयुगाचं. शेवटच्या हिमयुगात, जेव्हा युरोप-अमेरिकेच्या मोठ्या भागावर बर्फाचे जाड थर होते, तेव्हा पृथ्वीची सरासरी आजच्यापेक्षा फक्त पाच-सहा अंशांनी कमी होती. सरासरीतला एक अंश म्हणजे काय, ते यावरून कळतं.

मोठा पोहरा

आता आमच्या भागातल्या लोकांना सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट. पृथ्वी तापते आहे तर दुष्काळ पडायला हवा, मग पूर का? आणि पूर येतोय तर दुष्काळ का?

विहिरीवरचा पोहरा डोळ्यासमोर आणा. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे पोहरा मोठा झाला. मोठा पोहरा भरायला जास्त पाणी ओढतो, जमिनीतली ओलसुद्धा ओढून घेतो. म्हणून पावसाच्या खंडात पिकं लवकर सुकतात. आणि तो उलटला की एकदम जास्त पाणी ओततो. म्हणून खंड आणि ढगफुटीसारखा पाऊस, दोन्ही एकाच मोसमात बघायला मिळतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच पट्ट्यात पावसाळ्यातला एकूण पाऊस मात्र घटला, असं त्यात दिसलं. अतिवृष्टीसाठी लागणारं बाष्प मोठ्या प्रमाणात अरबी समुद्रावरून येतं. शेतकरी जे म्हणतात, "पाऊस तेवढाच, पण पडायची रीत बदलली", ते यापेक्षा फार वेगळं नाही.

लुडोचा फासा : आजोबांना उत्तर

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. बहात्तरला दुष्काळ पडला होता, हे शंभर टक्के खरं. त्याआधीही पडले. तुकाराम महाराजांच्या काळात १६३० चा भयंकर दुष्काळ पडला, १८७६ ते ७८ मध्ये पडला. पावसाचा लहरीपणा आपल्याकडे पूर्वीपासून आहे. मग बदललं काय?

हवा आणि हवामान यांत फरक आहे. आज सकाळी काय आहे ती हवा. अनेक वर्षांच्या निरीक्षणातून काढलेली सरासरी स्थिती म्हणजे हवामान. एका दुष्काळावरून किंवा एका पुरावरून हवामान बदललं की नाही ते सांगता येत नाही. गारठा पडला म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही आणि एका दिवशी पारा ४४ वर गेला म्हणून ती सिद्धही होत नाही. अनेक वर्षांचा हिशोब मांडावा लागतो.

हे मुलांना कसं समजवायचं? मी लुडोचे दोन फासे घेतले. एक तसाच ठेवला. दुसऱ्याच्या ५ ठिपक्यांवर कागद चिकटवून तिथे ६ ठिपके काढले. सहा पडला म्हणजे 'संकटाचं वर्ष', असं ठरवलं. दोन गट केले, प्रत्येक गटाने ६० वेळा फासा टाकायचा आणि सहा पडला की रेघ मारायची. गणिताप्रमाणे साध्या फाशाने साधारण १० वेळा आणि बदललेल्या फाशाने साधारण २० वेळा सहा पडायला हवा. आमच्याकडे बरोबर तेवढेच आले नाहीत, पण दुसऱ्या गटाच्या रेघा स्पष्ट जास्त होत्या.

मग मी विचारलं, "यातला कुठला सहा कागद चिकटवल्यामुळे पडला?" मुलं गप्प. त्यांना सगळ्या रेघा सारख्याच दिसत होत्या. सहा साध्या फाशानेही पडतो, फक्त आता तो जास्त वेळा पडायला लागला. बहात्तरचा दुष्काळ साध्या फाशाचा सहा होता. आज आपण कागद चिकटवलेला फासा खेळतो आहोत.

हा खेळ मी आजोबांनाही दाखवला. ते म्हणाले, "म्हंजी जुगारात खोटा फासा." मी म्हणाले, "होय, आणि तो आपणच खोटा केलाय." हे उत्तर त्यांना पटलं.

पण सगळंच तापमानवाढीच्या माथी मारू नका

आजोबांनी मात्र मला अजून एक गोष्ट शिकवली. ते म्हणाले, बहात्तरला खायला धान्य नव्हतं, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, खडी फोडायला गेलो, पण प्यायला पाणी होतं. आताच्या दुष्काळात दुकानात धान्य असतं, प्यायला पाणी नसतं. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, बहुतेक जण हेच सांगतील.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी लातूर भागातल्या नद्यांना पूर आले. त्या पाणीटंचाईला फक्त कमी पाऊस कारणीभूत होता का? नाही. कमी पावसाच्या भागात वाढलेला ऊस, शेकडो फूट खोल गेलेली बोअर, गाळाने भरलेले तलाव, बुजवलेले ओढे, हीसुद्धा कारणं होती. पुराचंही तसंच. पाऊस जास्त पडला हे खरं, पण ओढ्याच्या पात्रात बांधकाम कुणी केलं, नाला कुणी अरुंद केला, हे प्रश्न गावाने स्वतःला विचारायचे आहेत.

हे वेगळं करून सांगणं फार महत्त्वाचं आहे. सगळ्याचं खापर तापमानवाढीवर फोडलं की "ते काय आपल्या हातात नाही" असं म्हणून मोकळं होता येतं. पाऊस किती पडावा हे गावाच्या हातात नाही, पण पडलेलं पाणी कुठे जावं हे बरंचसं गावाच्या हातात आहे. हिवरे बाजारने ते करून दाखवलं. तिथे पाऊस कमीच पडतो, पण उपलब्ध पाणी बघून कोणतं पीक घ्यायचं ते गाव ठरवतं.

लोक काय म्हणतात?

पालक सभेत मी हा विषय काढला. चार वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकू आली. तुमच्याकडेही हीच येतील.

पहिलं वाक्य, "हे निसर्गाचं चक्र आहे." निसर्गाची चक्रं आहेतच. एल निनोच्या वर्षी आपल्याकडे बऱ्याचदा पाऊस कमी होतो. पण गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जेवढ्या वेगाने तापमान वाढलं, त्याचा हिशोब या चक्रांनी लागत नाही. माणसाने जाळलेल्या इंधनाचा हिशोब धरला की लागतो.

दुसरं, "हे मोठ्या देशांनी केलंय, आपण का सोसायचं?" यात बराच खरेपणा आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

तिसरं, "मी एकट्याने काय होणार?" एकट्याने थोडंच होतं, हे मान्य. पण एसटीत एकाने खिडकीतून कचरा टाकला की मागचे चार टाकतात आणि एकाने पिशवीत ठेवला की शेजारचं मूल बघत असतं. आपल्या घरात कुणीतरी बघतंय, हे पालकांनी लक्षात ठेवायला हवं. शिवाय एकट्याचं काम घरापुरतं असतं, ग्रामसभेत हात वर करणं हेही एकट्यालाच करावं लागतं.

चौथं वाक्य, "झाडं लावली की झालं." हे वाक्य आम्हा शिक्षकांचं जास्त आवडतं. महाराष्ट्रात २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्या काळात आम्हीही लावली. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. पुढच्या जूनमध्ये खड्डे खणायला गेलो तर जुनेच खड्डे सापडले. रोपं उन्हाळ्यात गेली होती. मला त्याची लाज वाटली. आता आम्ही दरवर्षी दहाच झाडं लावतो, कडुलिंब, वड, चिंच, करंज अशी इथली. तीन मुलांमागे एक झाड. पोषण आहाराच्या आधी आणि नंतर हात धुतलेलं पाणी आळीपाळीने त्या झाडांना जातं. काही जगली, काही नाही. जी जगली त्यांच्याखाली आता मुलं डबा खातात. झाडं सावली देतात, माती धरतात, पाणी मुरवतात, त्यासाठी लावायलाच हवीत. पण कोळसा आणि डिझेल जाळत राहून फक्त झाडांच्या भरवशावर हिशोब जुळत नाही, हेही मुलांना सांगायला हवं.

"मग आमच्या पप्पांनी काय केलं होतं?"

आता त्या मुलाचा प्रश्न. हा सगळ्यात अवघड होता.

मी आधी आकडे बघितले. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. अमेरिकेतला माणूस सुमारे १४ टन. जगाची सरासरी पाच टनांच्या थोडी खाली आहे. हा वायू शेकडो वर्षं हवेत टिकतो, म्हणून आजच्याबरोबर जुनाही हिशोब धरावा लागतो. आजवर माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. एकूण बेरजेत आज भारत जगात तिसरा आहे हे खरं, पण लोकसंख्याही तेवढी मोठी आहे. आणि भारतातही सगळे सारखे नाहीत. शहरात दोन गाड्या आणि तीन एसी असलेलं घर आणि कोरडवाहू तीन एकर असलेलं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले आणि आधी माझं वाक्य परत घेतलं. "काल मी ज्या वाक्याला टाळ्या वाजवायला लावल्या, ते चुकीचं होतं. निसर्ग कोपत नाही. तो कुणाला शिक्षा देत नाही. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि जास्त पाऊस पाडते, एवढंच. ज्यांनी जास्त धूर केला त्यांच्याच शेतावर तो पाऊस पडतो असं नाही." मग त्या मुलाकडे बघून म्हणाले, "तुझ्या पप्पांनी काही केलं नव्हतं. त्यांची चूक नव्हती."

तो काही बोलला नाही. फक्त मान हलवली.

शिक्षक मित्रांनो, आपण नेहमी "माणूस" असा एकच शब्द वापरतो. माणसाने जंगलं तोडली, माणसाने प्रदूषण केलं. वर्गातलं मूल त्या 'माणसा'त स्वतःला आणि आपल्या आईवडिलांना बघतं. ज्या घरातलं पीक गेलं त्या घरातल्या मुलाला वर अपराधीही वाटायला लावणं हा अन्याय आहे. म्हणजे गावाने काहीच करायचं नाही, असा याचा अर्थ नाही. ज्याची चूक नाही त्यालाही आपलं घर सांभाळावं लागतं, आणि ज्यांची जबाबदारी जास्त आहे त्यांच्याकडे हिशोब मागता यावा म्हणून विषय नीट समजूनही घ्यावा लागतो.

वर्गात काय करता येईल?

१. पर्जन्यमापक : सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा पारदर्शक डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने मिलिमीटरमध्ये पाणी मोजा, लिहा आणि डबा रिकामा करा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे मुलांना सांगा.

२. गणित : १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचं छत १०० चौरस मीटर असेल आणि ५० मिमी पाऊस पडला तर किती लिटर? उत्तर येतं ५,००० लिटर. मुलांचे डोळे मोठे होतात. मग विचारा, हे पाणी सध्या कुठे जातं?

३. आजी-आजोबांची मुलाखत : बहात्तरचा दुष्काळ, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २०१६ ची टंचाई, २०२५ चा पूर. तेव्हा काय खाल्लं, पाणी कुठून आणलं, कुणी मदत केली, हे मुलांनी लिहून आणायचं.

४. फाशाचा खेळ : वर सांगितलाच आहे. तिसरीपासून पुढे सगळ्यांना जमतो.

५. सुरक्षेचा सराव : विजा कडाडत असताना झाडाखाली थांबायचं नाही. दुपारच्या उन्हात डोकं झाकायचं, पाणी सोबत ठेवायचं. उन्हात कुणाला चक्कर आली तर सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंग ओलं करायचं आणि मोठ्यांना बोलवायचं. पुलावरून पाणी वाहत असेल तर ओलांडायचं नाही, वडील गाडीवर असले तरी "पप्पा, नको" म्हणायचं. पालकांनी मोबाईलवर विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप घ्यावं. हे घोषणा पाठ करण्यापेक्षा आधी शिकवा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांसमोर "आता काही खरं नाही, जग बुडणार" असं बोलू नका. आणि "हे सगळं थोतांड आहे" असंही बोलू नका. जे दिसतंय ते त्यांच्यासोबत मोजा, बोला. ओढ्यात कचरा टाकू नका, बांधावरचं झाड तोडण्याआधी दोनदा विचार करा, पाचट जाळण्याऐवजी रानात कुजवता येतं का ते बघा. आणि मुलाला पावसाची, विजेची भीती वाटत असेल तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याने खूप काही पाहिलेलं आहे.

स्वाध्याय

१. हवा आणि हवामान यांत काय फरक आहे? तुमच्या गावाचं एक-एक उदाहरण द्या.
२. ओझोनचा थर विरळ होणं आणि तापमानवाढ या दोन गोष्टी वेगळ्या कशा?
३. तुमच्या गावातल्या पाणीटंचाईची तीन कारणं लिहा. त्यातलं कोणतं गावाच्या हातात आहे?
४. "निसर्ग कोपला" हे वाक्य बरोबर आहे का? तुमचं मत कारणासह लिहा.

शेवटी एक सांगते. ऑक्टोबरमध्ये पर्जन्यमापक केला तेव्हा नोंदवही कुणाकडे द्यायची असं मी विचारलं. पाऊस आवडत नाही असं लिहिणाऱ्या त्या मुलाने हात वर केला. परतीच्या पावसाच्या मोजक्याच नोंदी झाल्या, पण त्याने एकही दिवस चुकवला नाही. पाऊस नसेल त्या दिवशीही तो नीट अक्षरात शून्य लिहायचा. वही त्याने जपून ठेवली आहे. जूनची वाट बघतोय, असं मला परवाच म्हणाला.

तुमच्या शाळेत हा पाठ घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते मला जरूर कळवा. उत्तरं आपण मिळून शोधू.